ऐकू येऊ राहिलं का?

गाडीत बाहेरून म्युझिक सिस्टिम बसवून घेतलेला माणूस प्रत्येक घराण्यात एक असतोच. आमच्या घराण्यात तो जावई आहे, त्यामुळे त्याला तोंडावर काही बोलायची सोय नाही.

दाजींचं जालन्यात बियाण्यांचं दुकान आहे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाल्यांनी इथे महिको काढली, तेव्हापासून बियाणं हा जालन्याचा घरचा धंदा. पेरलं की उगवेपर्यंत गप बसायचं, असा हा संयमाचा व्यवसाय. दाजींचा संयम दुकानाचं शटर पडलं की संपतो.

दिवाळीत त्यांनी जुन्या गाडीत नवा टचस्क्रीन, चार दरवाजांत चार स्पीकर, डिक्कीत वूफर आणि सीटखाली अॅम्प्लिफायर बसवून घेतला. किती गेले, ते ताईला अजून कळलेलं नाही. एवढा खर्च केल्यावर माणूस गाणी ऐकेल की नाही? दाजी गाणी ऐकत नाहीत. दाजी ‘चूं’ ऐकतात.

इंजिन सुरू झालं की स्पीकरमधून बारीक चूंऽऽ येतं. अॅक्सिलरेटर दाबला की ते कानाशी आलेल्या डासासारखं वर वर चढत जातं. दाजी आवाज शून्यावर आणतात, इंजिन रेज करतात आणि मान तिरपी करून विचारतात, “पाव्हणे, ऐकू येऊ राहिलं का?” नाही म्हणालात तर पुन्हा रेज. हो म्हणालात तर कारणमीमांसा.

चतुर्थीला सगळे राजूरच्या गणपतीला निघालो होतो. मंडळी उपाशी. मावशीनं “एखादं भजन लावा की” म्हटलं. दाजींनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, भजन लावलं, लगेच शून्यावर आणलं. “मावशी, आता ऐका.” मावशी म्हणाली, “जावईबापू, तिकडं रांग वाढू राहिली.”

अंबडच्या साखरपुड्यात नवरदेवाचे मामा जिलबीची प्लेट घेऊन चुकून दाजींशेजारी बसले. अल्टरनेटरचा करंट डायोडमधून गाळला तरी त्यात थोडी लहर उरतेच, इथून सुरुवात झाली. टचस्क्रीनचं अर्थिंग डॅशबोर्डमागे, अॅम्पचं अर्थिंग सीटखाली. दोन्हीकडच्या व्होल्टेजमध्ये जरा फरक पडला की तो ऑडिओ केबलच्या जाळीतून वाहायला लागतो, आणि अॅम्प बिचारा त्यालाच गाणं समजून मोठं करतो. मामांनी मान हलवली. अंगठ्या घालून झाल्या, फोटो झाले, मामा तिथंच होते. शेवटी ते गाडीत बसून आले आणि म्हणाले, “हो, येऊ राहिलं.” पाक घट्ट झाला होता.

समृद्धी महामार्गाचं सगळ्या महाराष्ट्राला कौतुक. दाजींना तो पसंत नाही. काँक्रीटवर टायर गुणगुणतात, त्यात चूं नीट ऐकू येत नाही.

ज्यानं सिस्टिम बसवली तो फिटर संभाजीनगरचा. त्याच्याकडे तक्रार नेली तर तो म्हणाला, “साहेब, आवाज वाढवा ना, चूं आपोआप दबतं.” आपल्याकडे बहुतेक तक्रारींवर हाच इलाज चालतो. रहिवासी भागात रात्री ४५ डेसिबलच्या वर आवाज नको, असा नियम २००० सालापासून आहे. पण विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीमागे आमची गाडी अडकली, तेव्हा काचाच काय, माझे दातही थरथरत होते. त्या गदारोळात दाजींनी काचा वर केल्या, स्पीकरला कान लावला आणि माझ्याकडे वळून ओठ हलवले. शब्द ऐकू आले नाहीत. ऐकायची गरजही नव्हती.

मधे बॅटरीचं प्रकरण झालं. शनिवारी संध्याकाळी लावलेली गाडी सोमवारी सकाळी ढिम्म. गल्ली धक्का मारायला आली. त्या रात्री तपासणी. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून मधे मल्टिमीटर लावायचा, आणि गाडी पुरती झोपेपर्यंत अर्धा तास दाराला हात लावायचा नाही. मग एकेक फ्यूज काढत आकडा बघायचा. ५० मिलिअँपियरच्या आत असला तर ठीक. दाजी बॉनेटमध्ये, ताई टॉर्च धरून, मी जांभया देत. अर्धा तास होत आला आणि शेजारच्या काकांनी “काय बिघडलं हो?” म्हणत दार उघडलं. आतला दिवा लागला, आकडा उडाला, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी आकडा लागला नऊशेच्या घरात. अॅम्पला उठवणारी निळी वायर फिटरनं कायम चालू असणाऱ्या पिवळ्या वायरीला पिळून वर टेप मारली होती. अॅम्प कधी झोपतच नव्हता. ३५ अँपियर-अवरची बॅटरी, दीड दिवसात खलास. “आता निजेल,” दाजी म्हणाले. ताई उभ्या उभ्या निजली होती.

या माणसाबद्दल चांगलं लिहायचा माझा विचार नव्हता. पण बाबांच्या कानातल्या मशीनची गोष्ट सांगितली पाहिजे. वय झालं की आधी बारीक, उंच आवाज जातात. बाबांचं मशीन शिट्टी मारायचं, ती बाबा सोडून घरभर ऐकू यायची. कोणी बोलायचं नाही. पाहुणे आले की आम्ही टीव्ही मोठा करायचो. दाजी आले, चहा यायच्या आत म्हणाले, “मामा, चूं येऊ राहिलं.” मशीन काढून उजेडात धरलं. साचा सैल झाला होता, आतला आवाज फटीतून निसटून परत माइकमध्ये शिरत होता. दुसऱ्या दिवशी दुकान नोकरावर सोडून ते बाबांना नवा साचा करायला घेऊन गेले. तेव्हापासून दाजींच्या गाडीत पुढची सीट बाबांची, आणि दाजींनी विचारलं की बाबांचं उत्तर ठरलेलं, “येतंय की. जरा डावीकडून.” बाबांना ते ऐकू येणं शक्यच नव्हतं.

अखेर चूं सापडलं. फिटरनं अॅम्पच्या अर्थिंगची थिंबल सीटच्या बोल्टखाली रंगावरच आवळली होती. दाजींनी पॉलिशपेपरनं रंग घासला, रुपयाएवढा पत्रा पांढरा चकचकीत केला, थिंबल त्यावर बसवून बोल्ट करकचून आवळला, ऑडिओ केबल बॅटरीच्या वायरीपासून दूर दुसऱ्या बाजूनं नेली. इंजिन सुरू. काही नाही. रेज केलं. काही नाही. दाजींनी आणखी रेज केलं, जरा आशेनं. मग चार दिवस घरात सुतक असल्यासारखे बसले.

परवा सगळे राजूरला निघालो. दाजी मुकाट्यानं गाडी चालवत होते. बाबाच म्हणाले, “काय जावईबापू, आज विचारलं नाही? येऊ राहिलं बरं का. डावीकडून.”

दाजींनी आरशात माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. त्यांनी गाडी कडेला घेतली, “बघतो मामा” म्हणाले आणि बॉनेट उघडलं. ताईनं न बोलता पर्समधून टॉर्च काढला.