बर्फावरची उपवर मुलं

टोरांटोत आइस हॉकीचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो आणि एप्रिलच्या आसपास संपतो, असं वेळापत्रकात छापलेलं असतं. ते बाहेरगावच्या लोकांसाठी. खरा हंगाम सुरू होतो तो संघ हरल्यावर. बर्फ वितळतो, तलावाकाठी माणसं अर्ध्या चड्डीत हिंडू लागतात, आणि ‘मेपल लीफ्स’च्या चौथ्या फळीत पुढच्या वर्षी डावीकडे कोण खेळणार यावरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे होतात.

ज्यांनी हा खेळ टीव्हीवर ओझरता पाहिला असेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बर्फावर एका वेळी गोलरक्षक धरून सहा जण असतात. दमछाक इतकी की मिनिटभरात माणूस बाकावर येऊन बसतो. म्हणून सामन्याला वीस जण लागतात: तिघातिघांच्या चार आक्रमक फळ्या, बचावाच्या तीन जोड्या आणि दोन गोलरक्षक. पहिली फळी वीसेक मिनिटं खेळते, चौथी जेमतेम दहा. चर्चेचा वाटा मात्र नेमका उलट. पहिल्या फळीत ऑस्टन मॅथ्यूज आहे, ज्याने २०२३-२४ च्या हंगामात ६९ गोल मारले. त्याच्याविषयी वेगळं मत बाळगायचं तर अभ्यास करावा लागतो. बाराव्या आक्रमकाविषयी मत बाळगायला काहीच लागत नाही. त्यामुळे ते सगळ्यांकडे आहे, आणि ठाम आहे.

संघ काही ऐरागैरा नव्हे. स्टॅन्ली चषक त्याने तेरा वेळा जिंकलाय. तेरावा जिंकला १९६७ साली. तेव्हा लीगमध्ये संघच सहा होते, आता ३२ आहेत. त्यानंतर २०२५ पर्यंत चषक राहू द्या, अंतिम फेरीचं दारही या संघाला दिसलेलं नाही. ज्या ‘मेपल लीफ गार्डन्स’मध्ये तो शेवटचा चषक उंचावला, तिथे आज वाणसामानाचं भलंमोठं दुकान आहे. सामानाच्या रांगांमध्ये एके ठिकाणी जमिनीवर लाल ठिपका रंगवून ठेवलाय: इथे मैदानाचा मध्य होता. जगात अनेक पवित्र स्थळं आहेत, पण जिथे दर्शनाबरोबर आठवड्याची भाजीही होते असं दुसरं मला माहीत नाही.

त्याच विजयी संघात टिम हॉर्टन नावाचा बचावपटू होता. त्याच्या नावाचं कॉफी आणि डोनटचं दुकान १९६४ साली हॅमिल्टनला निघालं आणि आज त्याच्या शाखा कॅनडाच्या कानाकोपऱ्यात आहेत. म्हणजे त्या संघाची कॉफी घरोघर पोचली, चषक तेवढा वाटेत राहिला. वाद घालायला लोक जमतात तेही याच दुकानात, हा योगायोग मला तरी अर्थपूर्ण वाटतो.

या वादात मराठी माणूस मागे नाही. मिसिसागा-ब्रॅम्प्टनकडे आपली घरं पुष्कळ. नव्याने येणाऱ्याला थंडीच्या कोटापासून गाडीच्या विम्यापर्यंत सगळं समजावून सांगणारे लोक भेटतात, पण ‘इथे राहायला आलास म्हणून या संघाच्या नादी लागू नकोस’ एवढं कुणी सांगत नाही. मग एक पिढी नादी लागते आणि दुसरीला ते वारसाहक्काने मिळतं. हॉकीचं समालोचन कॅनडात २००८ पासून पंजाबीतही होतं. मराठीत अजून नाही. गरजही नाही म्हणा, ते घरात चालूच असतं.

आता मुख्य विषय: होतकरू मुलं. दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर ड्राफ्ट होतो. अठरा वर्षांची पोरं नवाकोरा सूट घालून आईवडिलांच्या मध्ये बसतात, एखादी आजीही डोळे पुसत असते, आणि ३२ संघ सात फेऱ्यांत एकेक नाव पुकारत जातात. हा उघड उघड मुलगा पाहण्याचा कार्यक्रम आहे. फरक इतकाच की मुलाची पसंती विचारण्याची पद्धत नाही. चाहत्यांच्या हातात प्रत्येकाची पत्रिका तयार असते: उंची सहा फूट एक, अजून वाढेल, कारण वडील सहा-तीन आहेत. डावखुरा. वळण चांगलं, पक, म्हणजे खेळातली चकती, आपल्याकडे नसतानाही मागे धावून येतो. घराणं हॉकीतलं. ‘स्केटिंग जरा जड आहे, पण सुधारेल’ हे वाक्य तर हुबेहूब ‘सध्या नोकरी नाही, पण मुलगा हुशार आहे’ याच सुरात म्हटलं जातं, आणि ऐकणाराही त्याच सुरात ‘हो, हो’ म्हणतो.

या मुलाचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे तो अजून खेळलेला नाही. त्यामुळे त्याने एकही संधी दवडलेली नाही, एकदाही पक गमावलेला नाही, आणि बाद फेरीतला बोस्टनविरुद्धचा निर्णायक सातवा सामना तो आयुष्यात हरलेला नाही. प्रत्यक्ष संघातल्या कुणाला हे जमलंय? मुलगा पहिल्यांदा बर्फावर उतरतो त्या दिवशी हे सगळे गुण एकदम नाहीसे होतात. दहा सामन्यांत गोल नसेल तर ‘हा एवढाच का?’ आणि वीस सामन्यांनंतर ‘याच्या बदल्यात काय मिळेल?’

२०२३ साली २८ व्या क्रमांकावर ईस्टन कोवन घेतला, तेव्हा ‘इतक्या लवकर कशाला घेतला?’ म्हणून शहराने कपाळाला हात लावला होता. मुलगा ओंटॅरिओतल्या लंडनच्या संघातून खेळत राहिला आणि २०२५ मध्ये त्या संघाने कुमारांचा मेमोरियल चषक जिंकला, स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू कोवनच. त्या रात्रीपासून टोरांटोत असा एकही माणूस सापडत नाही ज्याने २०२३ सालीच ‘हाच घ्या’ म्हटलं नव्हतं.

मुलगा ठेवावा की विकावा, हा इथला सनातन प्रश्न. उदाहरण म्हणून २००६ घ्या. संघाकडे दोन तरुण गोलरक्षक होते: फिनलंडचा टूका रास्क आणि कॅनडाचा जस्टिन पोगी. पोगी नुकताच जागतिक कुमार स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आलेला, शिवाय घरचा. संघाने रास्क बोस्टनला दिला आणि अँड्र्यू रेक्रॉफ्ट घेतला. रेक्रॉफ्टला दोन वर्षांनी उरलेल्या कराराचे पैसे मोजून निरोप द्यावा लागला. पोगी लीगमध्ये एकूण सात सामने खेळला. रास्क मात्र नेमाने भेटत राहिला. २०१३ च्या सातव्या सामन्यात टोरांटो शेवटच्या सत्रात ४-१ ने पुढे होतं आणि जादा वेळेत ५-४ ने हरलं, तेव्हा समोरच्या गोलात रास्क. २०१८ चा सातवा सामना, रास्क. २०१९ चा सातवा सामना, पुन्हा रास्क. इतकी निष्ठा संघाला स्वतःच्या खेळाडूंकडूनही क्वचितच मिळाली असेल.

बरं, धडा घेतला असावा असं वाटतं ना? मार्च २०२५ मध्ये ब्रँडन कार्लो हा बचावपटू आणण्यासाठी फ्रेझर मिंटन हा वीस वर्षांचा मुलगा आणि २०२६ च्या पहिल्या फेरीचा हक्क देऊन टाकला. कुणाला? बोस्टनला. मिंटन इथे होता तोवर ‘फार तर तिसऱ्या फळीचा’ होता. सरहद्द ओलांडताच तो भावी कर्णधार झाला.

दुसरी आवड म्हणजे हिशेब. लीगने संघाच्या एकूण पगारावर मर्यादा घातली आहे. २०२५-२६ साठी ती ९ कोटी ५५ लाख डॉलर. या एका नियमाने लाखो चाहत्यांना लेखापाल करून सोडलं. स्वतःच्या घराच्या कर्जावर व्याज किती, हे ज्याला बायकोला विचारावं लागतं, त्याला तिसऱ्या जोडीतल्या बचावपटूचा करार कोणत्या वर्षी संपतो हे तोंडपाठ असतं. एके काळी मॅथ्यूज, मार्नर, नीलँडर आणि तावारेस या चौघांवरच मर्यादेतला निम्मा पैसा जात होता. उरलेल्या निम्म्यात सोळा माणसं कशी बसवायची, यावर कागदी रुमालांच्या पाठीवर जेवढं गणित झालंय तेवढं विद्यापीठात झालं नसेल. जॉन तावारेसने २०१८ साली सात वर्षांचे ७ कोटी ७० लाख घेऊन सही केली आणि लहानपणी आपण याच संघाच्या चादरीत झोपत होतो असा फोटो प्रसिद्ध केला. शहर गहिवरलं. पुढे हरल्यावर त्याच चादरीवरून जे बोललं गेलं ते कुटुंबवत्सल वृत्तपत्रात छापता येत नाही. २०२५ मध्ये त्याने निम्म्याहून कमी वार्षिक पगारावर पुन्हा सही केली, तेव्हा चादर पुन्हा मायेची झाली.

मार्नरची गोष्ट आणखी मजेची. जवळच्याच मार्कममध्ये जन्मलेला, २०१५ साली चौथ्या क्रमांकावर घेतलेला, म्हणजे चाहत्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेला. ६५७ सामन्यांत ७४१ गुण, २०२४-२५ मध्ये एकाच हंगामात १०२. पण बाद फेरीत संघ पडला की खापर याच्या डोक्यावर. मे २०२५ मध्ये फ्लोरिडाने सातवा सामना टोरांटोच्या घरात येऊन ६-१ ने जिंकला, त्या रात्री लोकांनी अंगातल्या जर्सी काढून बर्फावर फेकल्या. दोन महिन्यांच्या आत मार्नर लास व्हेगासच्या संघात होता. ज्यांनी जर्सी फेकल्या तेच आता म्हणाले, ‘थांबवायला हवं होतं.’ माझ्या मते यात ढोंग नाही. गेलेला खेळाडू आणि न आलेला खेळाडू यांवर टोरांटोचं प्रेम अगदी खरं असतं. पंचाईत आत्ता खेळणाऱ्याची.

त्या उन्हाळ्यात टिम हॉर्टनच्या दुकानात एका टेबलाभोवती काका आणि पुतण्या बसलेले. डबल-डबल कॉफी, म्हणजे दुप्पट साय, दुप्पट साखर. काकांना साखर बंद आहे हे काकूंना वाटतं.

“कोवनला हात लावायचा नाही, काका. सांगून ठेवतो.”

“अरे, पोरं घेऊन काय लोणचं घालायचंय? अनुभवी माणूस आणा.”

“आणला होता की. १९८९ ला टॉम कर्व्हर्ससाठी १९९१ ची पहिली फेरी देऊन टाकली. न्यू जर्सीने त्यातून कोण घेतला? स्कॉट नीडरमायर. चार चषक!”

“आणि २०११ ला टायलर बिग्ज हवा म्हणून दोन हक्क दिले अनाहाइमला, त्याचं काय? त्यांनी त्यात रॅकेल आणि गिब्सन उचलले. तुझा बिग्ज लीगमध्ये एक सामना खेळला का?”

“माझा कसा? मी तेव्हा शाळेत होतो.”

“तेच म्हणतोय. शाळकरी पोरांच्या नादी लागू नये.”

काकांचा मुद्दा वरवर दिसतो तेवढा हास्यास्पद नाही. १९६७ चा तो विजयी संघ म्हणजे जवळजवळ ज्येष्ठ नागरिक संघ होता. गोलरक्षक जॉनी बाउअर ४२ वर्षांचा, त्याचा जोडीदार टेरी सॉचुक ३७ चा, बचावातला अ‍ॅलन स्टॅन्ली ४१ चा, रेड केली ३९ चा. ड्राफ्टच्या पत्रिका चाळणाऱ्यांनी यातला एकही दारात उभा केला नसता. पुतण्याकडेही याला उत्तर आहे. २२ फेब्रुवारी २०२० रोजी टोरांटोत आलेल्या कॅरोलायनाचे दोन्ही गोलरक्षक जायबंदी झाले. नियमाप्रमाणे स्टेडियमचा राखीव माणूस उतरवला: डेव्हिड एअर्स, वय पुन्हा ४२, नोकरी टोरांटोतल्याच एका बर्फमैदानाची देखभाल. बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र चालवायचा आणि सरावाला लीफ्सच्याच खेळाडूंसमोर उभा राहायचा. पहिले दोन फटके आत गेले. पुढचे आठही त्याने अडवले. कॅरोलायना ६-३ ने जिंकली.

“बघ, अनुभव!” काका.

“काका, तो आपल्याच विरुद्ध होता.”

“असेल. पण वय बघ ना!”

२०२५ च्या ड्राफ्टला संघाकडे पहिल्या फेरीचा हक्क नव्हताच, तो शिकागोला गेलेला. २०२६ चा बोस्टनला, २०२७ चा फिलाडेल्फियाला, अटींसह का होईना, लिहून दिलेले. पहिलं नाव पुकारलं ते थेट ६४ व्या क्रमांकाला: नॉर्वेचा टीनुस लुक कोब्लार. सकाळपर्यंत अर्ध्या शहराने या मुलाला कधी पाहिलं नव्हतं, दुपारी त्याच्या डाव्या मनगटातल्या ताकदीवर दोन तट पडले. आठवडाभरात तोही विषय चघळून संपला. पुतण्या मात्र खचणाऱ्यांतला नाही.

“२०२८,” तो म्हणाला. “त्या वर्षीची पहिली फेरी आपल्याकडे आहे अजून.”

“म्हणजे मुलगा आत्ता केवढा असेल?”

“पंधराचा. एक बघून ठेवलाय मी. सहा फूट झालासुद्धा.”

काकांनी कप खाली ठेवला. आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना, ते पाहून घेतलं आणि खुर्ची पुढे ओढली.

“डावखुरा आहे?”

“हो.”

“मग ऐक. कुणी काही देऊ दे, तो सोडायचा नाही. बोस्टनला तर मुळीच नाही.”