सरांचा डेक

वर्ध्यात गच्ची उन्हाळाभर सूर्याच्या नावावर असते. मार्चात तो ताबा घेतो आणि पाऊस आला की सोडतो. पारा 45 अंशांपलीकडे गेला की वाळवणंसुद्धा आम्ही सकाळीच घालून खाली पळतो. अशा गच्चीवर ‘डेक’ करण्याची कल्पना वर्ध्यात बसून कुणाला सुचणार नाही. मला ती पुण्यात, मेहुण्यांच्या बाल्कनीत सुचली.

तिथे पायाखाली झकास फळ्या होत्या. “लाकूड नाही, डब्ल्यूपीसी,” मेहुणे म्हणाले. म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र वितळवून काढलेली फळी. वाळवी नाही, पॉलिश नाही. अमेरिकेत 1990च्या दशकापासून असल्या फळ्या जुन्या प्लास्टिक पिशव्यांपासूनही बनतात, असं सांगून मी हा खर्च बायकोपुढे पर्यावरणाच्या खात्यात टाकला. “मग आपल्या घरातल्या पिशव्या न्या आणि तेवढे पैसे कमी करून आणा,” ती म्हणाली.

मिस्त्री माझाच जुना विद्यार्थी. “सर, काळा कलर काहून घेता जी? उन्हात पाय पोयतीन ना.” हा काळा नसून ‘डार्क वॉलनट’ आहे, हे मी त्याला समजावलं. फळीच्या टोकाला कठड्यापाशी फट सोडू म्हणाला, तर “रेषा बिघडते” म्हणून मी ती बंद करायला लावली. खालचे आडवे पाइप फूटभर अंतरावर हवेत म्हणाला, तर दोन फुटांवर लावून मी लोखंड वाचवलं. पितळेचा गोळा तापवला की कड्यातून जात नाही, हे पोरांना दाखवण्यात ज्याची नोकरी गेली, तो माणूस हे सगळं सांगत होता. मिस्त्री गप्प राहिला. वर्गातही तो माझ्यासमोर असाच गप्प राहायचा.

मे महिन्यात प्रयोग आपोआप सुरू झाला. या फळीची लांबी उष्णतेने लाकडाच्या कित्येक पट वाढते. अडीच मीटरची फळी 40 अंशांनी तापली तर चार-पाच मिलिमीटर लांबते, आणि भर उन्हात गडद फळीचं तापमान हवेपेक्षा कितीतरी वर जातं. आता कठडा काही सरकत नाही. मग फळी वर उठते. एका दुपारी वर ‘फाट्’ असा आवाज झाला. बायकोला वाटलं माकडं आली. वर जाऊन पाहिलं तर मधल्या फळ्या कमान टाकून उभ्या होत्या.

उद्घाटन तरीही झालं, कारण मेहुण्यांना आमंत्रण गेलेलं होतं. माहितीपुस्तकातल्या डेकवर माणसं बूट घालून उभी असतात. आपल्याकडे चपला दाराशी काढतात. संध्याकाळचे सहा वाजले होते, तरी पहिलं पाऊल टाकताच मेहुणे हात वर करून उड्या मारू लागले. आमच्या काकाजींना वाटलं, पुण्यात उद्घाटन असंच करतात. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना सेवाग्रामला नेलं. गांधीजी 1936मध्ये तिथे राहायला आले, तेव्हा घर स्थानिक सामानातून आणि पाचशे रुपयांच्या आत व्हावं अशी त्यांची अट होती. माती, बांबू, कवेलू. त्या कुटीत शेणाने सारवलेल्या गार जमिनीवर बसून मेहुण्यांनी तळव्यांना हात लावला आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या डेकला किती लागले, हे मी त्या वास्तूत सांगितलं नाही.

पावसाळ्यात दोन फुटांच्या बचतीमुळे फळ्या मध्ये झोल खाऊ लागल्या. कडूनिंबाची पानं फटींत अडकली, खाली पाणी तुंबलं आणि ‘मेंटेनन्स फ्री’ डेकची सफाई माझ्याकडे आली.

वस्तू वाईट नाही. करायचाच असेल तर सावलीच्या बाजूला करा, फिका रंग घ्या, टोकाला फट सोडा, आधार जवळजवळ द्या आणि खालून पाण्याला वाट ठेवा. मिस्त्री बोलला तर ऐका, विशेषतः तो तुमचा विद्यार्थी असेल तर. आणि वापरलेला डेक कुणाला हवा असेल, तर माझा विकायचा आहे. फक्त पाहायला जानेवारीत या. थंडीत पदार्थ आकुंचन पावतात.