लसीच्या बाई

शहरातल्या प्लेग्रुपमध्ये प्रवेश घ्यायचा तर अर्जाला लसीकरण कार्डाची झेरॉक्स जोडावी लागते. भंडारा जिल्ह्यातल्या अंगणवाडीत लस राहिली म्हणून कोणाच्या लेकराची खिचडी बंद होत नाही. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत पूरक आहारही आहे आणि लसीकरणही. पण एकाची अट दुसऱ्याला नाही. सक्तीची ही कसर आमच्या अंगणवाडीच्या बाई एकट्या भरून काढतात.

बाईंना गावातलं मूल नावानं आठवत नाही, राहिलेल्या डोसावरून आठवतं. 'पेंटा तिसरा' आईच्या कडेवर किराणा दुकानात दिसतो, 'गोवर-रुबेला दुसरा' मंडईच्या जत्रेत आकाशपाळण्यात सापडतो. लग्नात नवरीकडे बघण्याआधी त्या शेजारच्या बाळाची डावी बाही सारून बीसीजीचा वण तपासतात. आहेर नंतर.

लसीकरणाच्या दिवशी नर्सबाई पेटी घेऊन येतात, आशाताई यादी वाचतात, आणि रोवणीचे दिवस असले की आया धानाच्या बांधीत. मग बाई थेट धुऱ्यावर.

"टुरा मामाच्या गावी गेला जी," बाप सांगतो. तेवढ्यात झाडाला बांधलेल्या झोळीतून टुरा भोकाड पसरतो.

"मामाचं गाव लय जवळ दिसते," बाई म्हणतात.

आजीचं म्हणणं वेगळं. "सुई टोचली का ताप येते. रातभर कोन जागते?"

"आजी, हा ताप एखाद्या रातीचा. घटसर्प झाला तं किती राती मोजाल?"

आजी पुटपुटत कार्ड शोधायला उठते.

खरी कसोटी पाच वर्षांनंतरच्या बूस्टरला. दीड महिन्याच्या बाळाला पळता येत नाही. पाच वर्षांच्या टुऱ्याला पळायला खुद्द बाईंनीच शिकवलेलं असतं. पेटी दिसताच तो तळ्याच्या पाळीवर, बाई मागे. सुई एका क्षणात होते. नंतर अर्धा तास त्याला एका जागी बसवणं हे त्याहून अवघड काम.

एवढ्या धावपळीच्या मोबदल्याला सरकार पगार म्हणत नाही, मानधन म्हणतं. पण भारतात नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात सापडला. त्यानंतर तसा एकही सापडला नाही, यात दारोदार फिरणाऱ्या अशा बायकांचा वाटा मोठा आहे. तेव्हा बाई धुऱ्यावर दिसल्या तर निमूट कार्ड काढा. यादीत टिकमार्क झाल्याशिवाय त्या हलणार नाहीत.