पोकलेनचा मुक्काम

मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्यांची आम्हा यवतकरांना धास्ती नाही. तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून निघून आमच्या काळभैरवनाथाच्या देवळात उतरते, तेव्हा अख्खं गाव कढया भरभरून पिठलं शिजवतं आणि भाकऱ्यांच्या चळती रचून हजारो वारकऱ्यांना जेवू घालतं. मग शेततळं खणायला आलेलं एक पोकलेन तीन रात्री ठेवायचं म्हणजे काय मोठंसं, असा माझा हिशोब होता.

पोकलेन हे मूळ फ्रान्समधल्या एका कंपनीचं नाव. १९५१ साली तिने आपलं पहिलं हायड्रॉलिक खोदयंत्र काढलं. पुढे लार्सन अँड टुब्रोने तिची यंत्रं भारतात बनवली आणि नाव असं चिकटलं की आता यंत्र जपानी असो की कोरियन, चेनवर चालतं ते पोकलेन आणि चाकांवर चालतो तो जेसीबी. आमच्याकडे आलं ते वीस टनांचं. रंग पिवळा, भाव तासाचा. तळं तीस बाय तीस मीटर, खोली तीन मीटर.

पहिल्या दिवशी सहाच्या सुमाराला ऑपरेटरने बकेट झाडली आणि विचारलं, "काका, मशीन कुठं लावू?" पोरगा बीडकडचा, पंचविशीतला. मी उदारपणे लिंबाचं झाड दाखवलं. त्याने झाडाकडे न बघता झाडाच्या वर बघितलं.

"वरून तार गेलीय."

"अरे, पण बूम तर खालीच ठेवणार ना तू?"

"आज खाली ठेवीन. उद्या सकाळी झोपेत वर उचलीन."

तोवर बांधावर चार जण जमले होते. आमच्याकडे थांबलेलं यंत्र बघायला आमंत्रण लागत नाही. एक म्हणाला, मातीच्या ढिगावर चढवा, उंचावर राहील. ऑपरेटर म्हणाला, "आजची भुसभुशीत माती, रात्रीतून बसती." दुसरा म्हणाला, खड्ड्यातच राहू द्या, चोर उतरायचा नाही. ऑपरेटरने भुलेश्वराच्या डोंगराकडे बोट केलं. तिकडे ढग जमले होते. "वळीव आला तर हे काढायला दुसरं मशीन बोलवा." दुसऱ्या मशीनचाही भाव तासाचाच असणार हे ध्यानात येऊन मी त्या गृहस्थाला चहाला घरी पाठवून दिलं.

तिसऱ्याने खड्ड्याचा काठ सुचवला. इथे मला माझं वाचन उपयोगी पडलं. चेन एवढ्या लांबरुंद असतात की वीस टन असूनही जमिनीवर दाब पडतो तो चालत्या माणसाच्या पावलाच्या आसपासचा, असं मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

"बरोबर आहे," ऑपरेटर म्हणाला. "पण हे काठाला माहीत पाहिजे ना, काका."

शेवटी जागा आईने सुचवली. घरामागचं जुनं खळं. आजोबांनी चोपून चोपून केलेलं, परातीसारखं सपाट. मळणी यंत्रं आल्यापासून तिथे कोंबड्यांशिवाय कुणी फिरकलेलं नव्हतं. पोराने टाच आपटून बघितली आणि मान डोलावली. "त्याचं तोंड मात्र घराकडे नको," एवढी एक अट आईने घातली.

मग विधी सुरू झाला. आधी चेनमधला चिखल फावड्याने काढला. काळी माती, रात्रीत वाळली की दगड. मग बूम खाली आली, बकेट जमिनीला टेकली, आणि दमलेल्या बैलाने मान टाकावी तसं ते धूड बसलं. आता इंजिन बंद होणार म्हणून मी थांबलो. पोराने रेस कमी केली आणि तंबाखू मळायला घेतली. एक मिनिट झालं, दोन झाली. तासांचा मीटर चालूच.

"बंद कर की रे!"

"टर्बो तापलाय. पाच मिनिटं थांबा. एकदम बंद केलं तर तेल जायचं थांबतं अन् तो आत कोरडाच फिरत राहतो."

पाच मिनिटांचे पैसे किती होतात ते मी मनात पाच वेळा काढलं. दर वेळी उत्तर तेच आलं.

इंजिन बंद झालं. मग त्याने नुसती किल्ली फिरवली आणि दोन्ही दांडे चारी दिशांना हलवले. मला वाटलं, पोरगं खेळतंय. तो आत कोंडलेला तेलाचा दाब मोकळा करत होता. त्यानंतर लॉकचा दांडा, केबिनचं कुलूप, बॅटरीचं बटण. टाकीत डिझेल काठोकाठ, कारण रिकाम्या टाकीला रात्री घाम सुटतो आणि पाणी डिझेलमध्ये उतरतं. भरलेली टाकी चोरालाही आवडते, म्हणून झाकणाला वेगळं कुलूप. शेवटी एक प्रदक्षिणा आणि कुठे तेल ठिबकतंय का ते वाकून बघणं. मी बँकेत तीस वर्षं तिजोरी बंद केली. तिला दोन किल्ल्या आणि दोन माणसं लागत, तरी एवढा वेळ लागत नसे.

आईने त्याला पिठलं-भाकरी वाढली. त्याने खळ्यातच बाज टाकली. मध्यरात्री आई उठून खिडकीत गेली. "कोण आहे?" मी दचकून विचारलं. "कुणी नाही. निजलंय ना, ते बघितलं."

चौथ्या दिवशी तळं झालं, पोकलेन ट्रेलरवर चढलं आणि बिल हातात आलं. मी चष्मा पुसून ते दोनदा तपासलं. तीन संध्याकाळची मिळून ती पंधरा मिनिटं त्यात धरलेलीच नव्हती. पिठल्याचे पैसे आम्हीही लावले नाहीत.