खालची डावी, रिकामी

"काका, इथे हाडच उरलं नाहीये."

एक्स-रेवर पेनाचं टोक टेकवून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सहा वर्षांपूर्वी ही खालची डावी दाढ काढली, तेव्हा "नंतर इथे दात बसवून घ्या" असं त्यांनी सांगितलं होतं. मी रुबाबात म्हणालो होतो, "एक गेली तर काय, बाकीचे आहेत की!" बाईंना ते वाक्य आठवत होतं. दातांच्या डॉक्टरांची स्मरणशक्ती वाईट असते. म्हणजे आपल्यासाठी वाईट.

दाढ गेली तरी जागा आपलीच राहते, हा माझा भ्रम. रिकाम्या दाढेची जागा म्हणजे शहराच्या हद्दीवरचा कुंपण नसलेला प्लॉट. मागची दाढ कलून आत शिरली. वरच्या दाढेला चावायला समोर कुणी उरलं नाही, तर ती हळूहळू खाली उतरली. आणि खालचं हाड? चावण्याचा भार नाही म्हटल्यावर शरीरानं ते गुपचूप परत घेतलं. सातबारा माझ्या नावावर, जमीन गायब.

आता दातासाठी हाडात स्क्रू, म्हणजे इम्प्लांट, बसवायचा तर आधी हाडाची भर घाला. भरीचे वेगळे, स्क्रूचे वेगळे, वरच्या कॅपचे वेगळे. एकूण आकडा ऐकून उजव्या बाजूचे धडधाकट दातही ठणकले. मेडिक्लेमवाल्याला फोन केला. "अपघात झाला होता का सर?" म्हटलं, "नाही हो, चाळीस वर्षं पेढे खाल्ले." "मग नाही बसणार." दात बसवण्याच्या बाबतीत हा शब्द त्यानं फार अचूक वापरला.

हा स्क्रू मुळात सापडला तोही कुणी दात शोधत नसताना. १९५२ च्या सुमारास स्वीडनमधल्या लुंडला पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या पायाच्या हाडातलं रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी टायटॅनियमचं एक चिमुकलं नळकांडं हाडात बसवलेलं. काम झाल्यावर ते काढायला गेले, तर निघेना. हाडानं त्याला पागडीच्या भाडेकरूसारखं कायमचं ठेवून घेतलं होतं. १९६५ साली त्यांनी यॉस्टा लारसन या माणसाच्या खालच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. २००६ साली लारसन गेले, तेव्हाही दात जागच्या जागी होते. दंतवैद्यांनी मात्र बरीच वर्षं ब्रोनेमार्कना दारात उभं केलं नाही. १९८२ च्या टोरोंटोच्या परिषदेनंतर वारं फिरलं. आज आमच्या चौकात मेडिकलचं एक दुकान आहे आणि इम्प्लांटचे फ्लेक्स तीन.

त्यातल्या एकावर लिहिलंय, 'तीन दिवसांत कायमचे दात'. टायटॅनियमभोवती हाड घट्ट धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. हाड भरभक्कम असेल तर काही जणांना लगेच दात देताही येतात, नाही असं नाही. पण ते जबडा पाहून ठरतं. फ्लेक्सनं माझा जबडा कधी पाहिला?

आणि 'कायमचे' म्हणजे काय? टायटॅनियम किडत नाही, हे खरं. म्हणून ब्रशला सुट्टी द्यायची, हा आमच्यासारख्यांचा हिशेब. पण भोवतीची हिरडी आपलीच असते. ती सुजते, मग आतलं हाड झिजतं आणि एके दिवशी तो न किडलेला, चकचकीत, चाळीस हजारांचा स्क्रू हलायला लागतो. मिश्री, तंबाखू, सिगरेट, आटोक्यात नसलेली साखर हे सगळे त्याला हलायला मदतच करतात. फुकट मिळालेल्या दातांना रात्री दोन मिनिटं न देणारा माणूस विकतच्या दाताला देईल, यावर हा सगळा धंदा उभा आहे. धाडसच म्हणायचं.

एक गोष्ट फ्लेक्सवर कुठेच नसते. आपला दात हाडात थेट रुतलेला नसतो; बारीक तंतूंच्या झोळीत टांगलेला असतो. म्हणून भातातला खडा लागताक्षणी जबडा आपोआप थांबतो आणि आपण बायकोकडे पाहतो. स्क्रूला ती झोळी नाही, तो थेट हाडाला भिडलेला. खडा त्याला तेवढ्या चटकन कळत नाही. म्हणजे पुढच्या वेळी खडा लागला, तर दोष तांदूळ निवडणाऱ्याचा की टायटॅनियमचा, यावर घरात नवं भांडण.

तरीही मी बसवणार आहे. कवळी काढून पेल्यात ठेवणारे आजोबा मी लहानपणी पाहिलेत. रात्री पाणी प्यायला उठलेल्या नातवानं काय काय पाहावं याला मर्यादा आहे.

तुम्हीही बसवणार असाल तर एक करा. स्क्रूच्या डबीवर स्टिकर असतं. त्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर छापलेला असतो. ते मागून घ्या. दहा वर्षांनी वरची कॅप सैल झाली आणि तोवर तुमचे डॉक्टर निवृत्त झाले असतील, तर नव्या डॉक्टरांना त्याच मापाचा पाना लागतो, आणि तोंडात डोकावून कंपनी सहज ओळखता येत नाही. ते स्टिकर फाइलीत लावा. फाइल रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. आणि पिशवी कुठे ठेवलीय ते बायकोला सांगून ठेवा.