पाऊणपटीचा समुद्र

अंदमानला निघालेल्या मराठी कुटुंबाचा पहिला दिवस ठरलेला असतो. सेल्युलर जेल. त्यावर कुणाचं दुमत नाही. 1911 पासून दहा वर्षं सावरकरांनी जिथे काढली तो तुरुंग बघायचा, कोलूपाशी जरा वेळ गप्प उभं राहायचं, संध्याकाळी ध्वनिप्रकाशाच्या कार्यक्रमाला बसायचं आणि हॉटेलवर येऊन कमी बोलत जेवायचं. भांडणं दुसऱ्या दिवशी सुरू होतात, कारण दुसऱ्या दिवसापासून बीच सुरू होतात.

या द्वीपसमूहात लहानमोठी आठशेहून अधिक बेटं आहेत. सहलवाल्यांच्या वाट्याला त्यातली मुख्यतः दोन येतात: हॅवलॉक आणि नील. 1857 चं बंड मोडणाऱ्या दोन इंग्रज सेनानींची ही नावं 2018 मध्ये बदलली आणि बेटं स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप झाली. तिकिटावर नवं नाव, बोलण्यात जुनं. हॅवलॉकच्या रिक्षावाल्याला मात्र दोन्हींशी कर्तव्य नसतं. तो नंबर विचारतो. एक नंबरला बोटीचा धक्का, तीनला बाजार, पाचला विजयनगर, सातला राधानगर.

‘सात नंबर सर्वांत चांगला म्हणतात, मग एक नंबर कुणाला दिलाय?’ ही काकूंची शंका रास्त असते, पण रिक्षाचं मीटर नसल्यामुळे भावाची बोलणी आधी करायची असतात आणि शंका मागे पडते.

राधानगरची ख्याती जुनी. ‘टाइम’ मासिकाने 2004 मध्ये त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा ठरवलं, आणि बेटावर त्याचा उल्लेख अजून कालच निकाल लागल्यासारखा होतो. 2020 मध्ये स्वच्छतेचं आणि सुरक्षिततेचं ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन देशातल्या ज्या पहिल्या आठ किनाऱ्यांना मिळालं, त्यातही तो होता. त्या आठात महाराष्ट्राचा एकही नव्हता आणि गोव्याचाही नव्हता, हे कळल्यावर ग्रुपमधले रत्नागिरीचे काका थोडे गंभीर होतात. ‘आमच्या आरे-वारेला कुणी बघायलाच आलं नसेल,’ एवढंच म्हणतात.

तर राधानगर. सूर्यास्तासाठी जायचं, हे सगळ्यांना मान्य असतं. कधी निघायचं, एवढंच ठरायचं असतं. दुपारी मासे-भात, मग वामकुक्षी, साडेचारला चहा, पाचला निघू. दादरच्या चौपाटीला हे वेळापत्रक बिनचूक आहे. पण मुंबई आणि हॅवलॉक यांच्यात सुमारे वीस रेखांश आहेत आणि सूर्य एका रेखांशाला चार मिनिटं घेतो. म्हणजे एक तास वीस मिनिटांचा फरक. घड्याळ मात्र दोन्हीकडे तेच. दिवाळीनंतरच्या दिवसांत तिथे सूर्य पाचच्या आतबाहेर बुडतो. चहात बिस्किट बुडवून होईस्तोवर तोही बुडालेला असतो. मंडळी सात नंबरला पोचतात तेव्हा उरलेलं जग परत निघालेलं असतं, मागच्या उंच झाडांखाली अंधार झालेला असतो आणि शिट्टीवाला रक्षक पाण्यातल्या शेवटच्या माणसाला बाहेर बोलावत असतो. मगरींपासून सावध राहा, हा फलक वाचण्यापुरता उजेड मात्र असतो. वाळूतल्या बारीक माश्याही याच वेळी निघतात. चावताना कळत नाही, पुढचा आठवडाभर कळतं.

खरं तर हॅवलॉकवर कुठे जायचं हे फारसं ठरवावं लागतच नाही. राधानगर पश्चिमेला, म्हणून संध्याकाळचं. कालापत्थर पूर्वेला, म्हणून पहाटेचं. विजयनगरही पूर्वेचंच, पण त्याला भरती लागते. भरतीला पाणी हॉटेलच्या माडांपर्यंत येतं आणि ओहोटीला इतकं लांब जातं की खडक आणि गाळ उघडा पडतो. ‘समुद्राला लागून खोली’ म्हणून जादा पैसे भरलेले मेहुणे दुपारी गॅलरीत येऊन विचारतात, ‘समुद्र कुठे गेला?’ त्यांना उत्तर द्यायला कुणी धजत नाही, कारण बुकिंग वहिनींनी केलेलं असतं.

एलिफंट बीचला बोटीने जायचं. मुलांना हत्ती बघायचा असतो. हत्ती आता नाहीत. लाकूडतोडीच्या काळात ओंडके ओढायला आणलेले हत्ती इथे एका बेटावरून दुसऱ्या बेटावर पोहत जात. त्यांतला राजन नावाचा हत्ती पुढे समुद्रात पोहण्यासाठीच जगभर प्रसिद्ध झाला. तो 2016 मध्ये गेला. आता आहेत ती 2004 च्या त्सुनामीत उन्मळलेली झाडांची पांढरी खोडं, आणि पाण्याखाली प्रवाळ. तो बघायचा तर डोळ्यांवर काच लावायची, नळीचं रबरी टोक दातांत घट्ट धरायचं आणि तोंडाने श्वास घ्यायचा. सगळ्यांत उत्साही असतात त्या मावशी. त्या शांतपणे पाठ वळवतात, कवळी काढून रुमालात गुंडाळतात, रुमाल बहिणीच्या हातात देतात आणि नळी हिरड्यांत धरून पाण्यात उतरतात. ट्यूब ओढणारा मुलगा त्यांना अर्धा तास फिरवून आणतो. बाहेर आल्यावर त्या खूप काही सांगतात. निळे मासे होते एवढं नक्की कळतं, बाकीचं कवळी बसवल्यावर.

नीलवर रामायण आहे. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांना या बेटांवर जमिनी दिल्या गेल्या आणि नीलवरच्या वस्त्या झाल्या रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. शत्रुघ्न इथेही राहून गेला. भरतपूर धक्क्याजवळ, काचेच्या तळाच्या होड्या तिथे. लक्ष्मणपूर सूर्यास्ताचं, सीतापूर सूर्योदयाचं. आणि लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या टोकाला दगडाची नैसर्गिक कमान. तिला सगळे हावडा ब्रिज म्हणतात. तिथे ओहोटीलाच जाता येतं, आणि इथे रत्नागिरीचे काका पुढे होतात.

‘वेळ विचारायला कशाला हवी? आज तिथी काय? एकादशी. अकराची पाऊणपट सव्वाआठ. सव्वाआठला पूर्ण भरती. म्हणजे अडीचला पूर्ण ओहोटी. दोनला निघू.’ पंचांगावरून भरती काढण्याचं हे गणित कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय आणि तिथे ते बरोबरही येतं. पौर्णिमा-अमावास्येला मुंबईत भरती मध्यान्हीच्या सुमारास येते, नंतर रोज पाऊण तासाने पुढे सरकते. पण चंद्र एकच असला तरी प्रत्येक बंदराचा पाणी चढण्याचा मुहूर्त वेगळा. किनाऱ्याची ठेवण, समुद्राची खोली, खाडी की उघडं पाणी, यावर तो ठरतो. अंदमानात पौर्णिमेची भरती मध्यान्हीच्या बरीच आधी येऊन जाते. गणिताची रीत तीच, सुरुवातीचा आकडा दुसरा.

काका अडीचला कमानीच्या वाटेवर पोचतात तेव्हा तिथून लोक परतत असतात. पँटी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या, चपला हातात. खडकांमधल्या डबक्यांत गाइड सकाळी ज्या समुद्रकाकड्या दाखवत होता, त्या डबक्यांवर आता घोटाभर पाणी असतं आणि ते चढत असतं. काका पाण्याकडे बराच वेळ बघतात. मग म्हणतात, ‘उधाणाचं नाही, भांगाचं पाणी आहे. म्हणून असं.’ कोकणातल्या माणसाने समुद्रावर ठपका ठेवावा आणि तोही शुद्ध कोळी परिभाषेत ठेवावा, यात एक डौल असतो. स्थानिक गाइड मान डोलावतो. त्याच्या मोबाइलमध्ये पोर्ट ब्लेअरच्या भरती-ओहोटीचं वेळापत्रक असतं, पण ते कुणी मागितलेलं नसतं.

मुलांनी तोवर खिसे शिंपल्यांनी भरलेले असतात. गुहागरला, दिवेआगरला हे चालतं. अंदमानात शंख-शिंपले आणि प्रवाळ नेता येत नाहीत. विमानतळावर सामान तपासताना ते सापडतात. खिसे रिकामे केले जातात, रडारड होते, आणि काकूंच्या पर्समधला एक छोटा शंख काकूंनी स्वतःहून काढून दिल्यावर त्यांच्याकडे सगळे आश्चर्याने बघतात.

राहिलं सीतापूर. सूर्योदयाचा बीच, म्हणजे पहाटे चारच्या पुढे केव्हातरी उठणं आलं. आदल्या रात्री सगळे हो म्हणतात. रिक्षा सांगितलेली असते, ती येऊन हॉर्न वाजवते, हॉटेलचा कुत्रा भुंकतो, आणि अखेरीस मावशी एकट्याच जाऊन येतात. त्यांना फोटो काढता येत नाही. बाकीची मंडळी नाश्ता करून, सामान बांधून, बोटीच्या आधी तिथे धावती फेरी मारतात आणि दुपारपर्यंत फॅमिली ग्रुपवर ‘सीतापूर, सूर्योदय’ असं लिहिलेले सत्तावीस फोटो येऊन पडतात. प्रत्येकात काका कमरेवर हात ठेवून उभे आणि त्यांची सावली पायाशी गोळा झालेली.