अक्षत कुणी दिली आणि नाक कुणी मुरडलं!

अहो, ऐकलंत का? जरा इकडे कुंपणाशी या, मोठ्यानं बोलायची सोय नाही. आमच्या भाच्याचं कळलं ना तुम्हाला? तोच हो, मँचेस्टरला शिकायला गेलाय तो. मोठ्या भावाच्या खोलीत मँचेस्टर युनायटेडचं पोस्टर होतं, म्हणून हा धाकटाही शाळेत असल्यापासून तो लाल शर्ट घालून… तर तिथल्या एका पबमध्ये त्याला कुणीसे आजोबा भेटले. हा आपला उत्साहानं सांगतोय, मी पुण्याचा, पण लहानपणापासून युनायटेडचा. आजोबांनी हातातला ग्लास शांतपणे टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "का रे, पुण्यात तुम्हाला स्वतःची टीम नाही?" झालं! पोराचा चेहरा एवढासा झाला. फोनवर आईला सांगतानासुद्धा आवाज बसलेला, असं ताई म्हणत होती.

मला असा राग आला! परदेशातल्या फॅनना तिकडे 'प्लॅस्टिक' म्हणतात, ठाऊक आहे ना? म्हणजे खोटे, बाजारू, जिंकणाऱ्याच्या मागे पळणारे. आणि हे म्हणतंय कोण, तर ज्यांनी स्वतः बोटी भरभरून हा फुटबॉल जगभर नेऊन टाकला ते! घरोघर अक्षत देऊन यायचं आणि पंगत बसली की "हे कोण, ते कोण" विचारायचं!

त्या युव्हेंटसचंच बघा ना. इटलीतलं केवढं बडं प्रस्थ! पण मूळचे शर्ट कसले, तर गुलाबी. आता गुलाबी रंगाचं धुण्यात काय होतं ते तुम्हा-आम्हाला कुणी सांगायला नको. चार धुण्यांत उडाला! शेवटी 1903 साली त्यांच्यातच खेळणाऱ्या जॉन सॅव्हेज नावाच्या इंग्रजाला म्हणाले, बाबा, तुझ्या देशातून जरा पक्क्या रंगाचे मागव. त्याचा मित्र नॉटिंगहॅमचा आणि तो मित्र नॉट्स काउंटीचा भक्त. त्यानं सरळ आपल्या टीमचे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे शर्ट पाठवून दिले. ते जे अंगावर चढले ते आजतागायत. आणि खरं सांगू, मला आवडलं ते पुढचंच. 2011 साली युव्हेंटसनं नवंकोरं स्टेडियम बांधलं, तेव्हा पहिल्या मॅचला मान कुणाचा? नॉट्स काउंटीचा! ते बिचारे तेव्हा इंग्लंडात तिसऱ्या डिव्हिजनमध्ये धडपडत होते. पण बोलावलं, आणि मॅचही 1-1 सुटली. याला म्हणतात जाण ठेवणं.

तसंच चिलीत एक एव्हर्टन आहे, 1909 चं. त्याच वर्षी लिव्हरपूलचे एव्हर्टनवाले दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले होते, तेव्हाच उचललेलं नाव. ब्राझीलच्या कोरिंथियन्सचंही तेच, लंडनहून कोरिंथियन नावाची टीम आली, लोक भारावले, 1910 मध्ये आपला क्लब काढून मोकळे. म्हणजे बघा, टीव्हीचा पत्ता नव्हता तेव्हापासून हे चाललंय.

तर काय सांगत होते… हं, टीव्ही. नॉर्वेची गोष्ट ऐकलीच असेल. हिवाळ्यात त्यांच्याकडे मैदानं बर्फाखाली, फुटबॉल बंद. पण मॅचच्या निकालावर पैसे लावायची तिकडे भारी हौस, सरकारमान्य कूपन असतं हो, मटका नाही! मग हिवाळ्यात त्या कूपनवर मॅचेस कुणाच्या, तर इंग्लंडच्या. कूपन भरलंय आणि मॅच दिसत नाही, म्हणजे जीव टांगणीला. शेवटी 29 नोव्हेंबर 1969 ला, शनिवारी दुपारी, नॉर्वे-स्वीडनच्या टीव्हीनं इंग्लंडातली मॅच थेट दाखवली. वुल्व्हरहॅम्प्टनविरुद्ध संडरलँड! ना कुणी मोठी टीम, ना काही. वुल्व्हज 1-0 जिंकले. पण बाहेर अंधार पडलेला, घरात एकच चॅनल, बाबा हातात कूपन आणि पेन्सिल घेऊन बसलेले, आणि शेजारी सात-आठ वर्षांचं पोर. आता ते पोर कुणाचं होणार? जो दिसला त्याचं! आज तिकडे साठी उलटलेले वुल्व्हजवाले भेटतात ते उगाच नाही. पुढे दर शनिवारी हे सुरू राहिलं आणि अख्खी पिढीच्या पिढी… लिव्हरपूलचा नॉर्वेतला सपोर्टर्स क्लब हजारो मेंबरांचा आहे. मग त्यांची स्वतःची पोरं तिकडे खेळायला जाऊ लागली. युनायटेडच्या सोल्शारनं 1999 च्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये अगदी शेवटच्या क्षणी गोल मारला, तेव्हा त्याच्या गावी क्रिस्टियानसुंडमध्ये काय झालं असेल कल्पना करा. आणि त्या हालांडचा जन्म कुठला? लीड्सचा! वडील लीड्स सोडून मँचेस्टर सिटीत गेले त्याच उन्हाळ्यात, 2000 साली, हे बाळ लीड्समध्ये जन्मलं. आणि आता सिटीसाठीच खेळतंय. परका कुणाला म्हणायचं तुम्हीच सांगा.

बरं, याहून मोठी गंमत. शनिवारी दुपारी तीनच्या ज्या मॅचेस असतात ना, त्या खुद्द इंग्लंडात टीव्हीवर दिसत नाहीत! खोटं वाटतंय? पावणेतीन ते सव्वापाच थेट फुटबॉल दाखवायला बंदी. बर्नली क्लबचे चेअरमन बॉब लॉर्ड यांनी 1960 च्या दशकात हट्ट धरला, की टीव्हीवर दिसलं तर लोक मैदानात यायचे नाहीत आणि लहान क्लब उपाशी मरतील. तेव्हापासून ते चालूच. म्हणजे लिव्हरपूलमधला माणूस रेडिओला कान लावून, आणि आपल्याकडे कोथरूडात पोरगा साडेआठला जेवणाचं ताट मांडीवर घेऊन तीच मॅच बघतोय! मग त्या आजोबांना वाईट वाटणं साहजिक आहे म्हणा. पण त्यात आमच्या भाच्याचा काय दोष?

आणि पैसा? 2022 पासूनच्या तीन वर्षांच्या करारात प्रीमियर लीगला देशातल्या टीव्हीपेक्षा परदेशातल्या टीव्हीनं जास्त पैसे दिले. जास्त! काही मॅचेस तिथल्या दुपारी साडेबाराला ठेवतात. म्हणजे इथे आशियात ऐन संध्याकाळी! आणि खेळाडू तरी कुठले? 1999 च्या बॉक्सिंग डेला चेल्सीनं साऊदॅम्प्टनविरुद्ध अकरा जण उतरवले, त्यात इंग्रज एकही नाही. मॅनेजर व्हियाली, तोही इटालियन. खेळणारे परके, शिकवणारे परके, पैसे देणारे परके, आणि चालत नाहीत ते फक्त बघणारे!

आता हे आपल्यातच ठेवा हं. (आजूबाजूला कुणी नाही ना?) आपल्या पुण्याच्या कोंबडीवाल्या वेंकीजनी नाही का तो ब्लॅकबर्न रोव्हर्स घेतला, नोव्हेंबर 2010 मध्ये? 1875 चा क्लब, 1995 चा चॅम्पियन. घेतल्यावर महिनाभरात मॅनेजर सॅम अॅलरडाइस यांना नारळ. मग ती जाहिरात, आठवते? खेळाडू ड्रेसिंगरूममध्ये बसून चिकनवर ताव मारतायत! टीम बालेवाडीला पुणे एफसीशी खेळायलासुद्धा आली होती. आणि 2012 च्या मे महिन्यात, विगनविरुद्ध हरून खालच्या डिव्हिजनमध्ये जायची वेळ आली त्या दिवशी, ब्लॅकबर्नच्या प्रेक्षकांनी मैदानात चक्क एक जिवंत कोंबडी सोडली. रोव्हर्सचं निशाण गुंडाळलेली! ती बापडी गोलपोस्टजवळ इकडून तिकडे, खेळाडू तिच्या मागे, आणि अख्खं जग बघतंय. मला हसू आवरेना आणि लाजही वाटेना… म्हणजे वाटली थोडी.

पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा, की क्लब पुण्याच्या मालकीचा, तरी पुण्यात रोव्हर्सचा शर्ट घातलेला पोरगा पाहिलात कधी? मी तरी नाही. सगळे आपले आर्सेनल, लिव्हरपूल, युनायटेड. म्हणजे मालक आपला झाला म्हणून प्रेम जडत नाही, ते आधीच दुसरीकडे गेलेलं असतं. आणि आजोबांनी विचारलं ना, स्वतःची टीम नाही का? होती की! एफसी पुणे सिटी. 2014 ला थाटात आली, 2019 ला गाशा गुंडाळला, आणि जागा घेतली हैदराबादनं. पाच सीझन! पोरानं शर्टवर खर्च करायचा, जीव लावायचा आणि एके दिवशी टीमच नाही. त्यापेक्षा शंभराहून जास्त वर्षं टिकून आहेत त्यांच्यावर भरवसा ठेवला, तर चुकलं कुठे?

हां, आता एखाद्या खेळाडूमागे जाणारेही असतात. सॉन नावाच्या त्यांच्या खेळाडूमुळे कोरियातले लोक टॉटनहॅमचे झाले. 2025 मध्ये तो अमेरिकेला गेला, आता त्यातले किती टिकतात ते दिसेलच. पण सगळंच तसं नसतं. डब्लिनमध्ये युनायटेडचं वेड एवढं का? तिथला काब्रा भागातला लियम व्हेलन, युनायटेडकडून खेळणारा बावीस वर्षांचा मुलगा, 1958 च्या फेब्रुवारीत म्युनिकच्या विमान अपघातात गेला. आठ खेळाडू गेले त्यात. काब्रातल्या एका पुलाला त्याचं नाव दिलंय. त्या घरांतून कुणी युनायटेडचं झालं तर तो काय ट्रॉफ्या मोजून झाला?

मी ताईला सांगितलं, पोराला म्हणावं, पुन्हा कुणी विचारलं तर खाली मान घालू नकोस. तीनची मॅच मी पुण्यात टीव्हीवर बघत होतो, तुम्ही कुठे बघत होतात, एवढंच विचार.

अगबाई, दूध ठेवलंय गॅसवर! जाते. पण एक मात्र ऐका. हिवाळ्यात तिकडची रात्री आठची मॅच म्हणजे आपल्याकडे दीड वाजतो. तुमच्या वरच्या मजल्यावरचा तो मुलगा मध्यरात्री ओरडला, तर लगेच सोसायटीच्या सेक्रेटरींकडे जाऊ नका. आधी सकाळी स्कोअर विचारा, आणि हरले असतील तर त्या दिवशी काहीच बोलू नका.